सोडास्ट्रीमने कारखाना का हलवला, आणि त्याची किंमत कोणी मोजली

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका लहान आयातदाराला घरी सोडा बनवायचं मशीन बाहेरून आणून इथे विकायचं आहे. ज्या पुरवठादाराशी बोलणं चाललंय, त्याचा कारखाना वादग्रस्त प्रदेशात असल्याचं त्याच्या कानावर आलं. तो विचारतो: "सोडास्ट्रीमच्या कारखान्याच्या जागेवरून एवढा गदारोळ झाला होता, तो नेमका काय होता? कंपनी शेकडो पॅलेस्टिनी लोकांना चांगला पगार देत होती म्हणतात, मग विरोध कशासाठी? कारखाना हलवायला लावला हे बरोबर झालं का? आणि यातून मी माझ्या व्यवहारासाठी काय घ्यावं?"

मी आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करते, त्यातही मालाच्या मूळ देशाचे दाखले तपासण्याचं. त्यामुळे या प्रकरणाकडे मी आधी कागदाच्या बाजूने पाहते. बहुतेकांना हे प्रकरण २०१४ मधल्या एका हॉलिवूड नटीच्या जाहिरातीपासून आठवतं. पण त्याचा निकाल लावणारा कागद त्याच्या बारा वर्षं आधी जर्मनीतल्या कस्टम्सच्या टेबलावर पडला होता. तिथूनच पाहिलं तर पुढचं सगळं नीट उलगडतं.

आधी कंपनीविषयी दोन शब्द. घरच्या घरी पाण्यात वायू भरायचं हे यंत्र मूळचं इंग्लंडचं. जिन बनवणाऱ्या गिल्बी घराण्याच्या कंपनीत १९०३ मध्ये त्याचा जन्म झाला. १९७० आणि ८० च्या दशकांत ब्रिटिश स्वयंपाकघरांत ते घरोघरी दिसायचं. पुढे इस्रायलमध्ये १९९१ मध्ये सोडा-क्लब नावाची कंपनी निघाली आणि तिने १९९८ मध्ये सोडास्ट्रीम विकत घेतली. मशीन साधं आहे: नळाचं पाणी, खास बाटली, मागच्या बाजूला कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर, आणि वरून दाबायचं बटण. मशीन एकदाच विकलं जातं. खरी कमाई रिकामा सिलिंडर परत घेऊन भरलेला देण्यात आणि सरबतांच्या अर्कात असते. म्हणून मशीनचे भाग, बाटल्या, सिलिंडर भरणं हे सगळं एका आवारात असणं कंपनीला सोयीचं होतं. ते आवार होतं मिशोर अदुमिम.

जेरुसलेमहून जेरिकोकडे उतरणारा जो रस्ता आहे, त्याच्या कडेला माले अदुमिम ही मोठी इस्रायली वसाहत आहे. तिला लागून असलेली औद्योगिक वसाहत म्हणजे मिशोर अदुमिम. हा सगळा भाग वेस्ट बँकमध्ये येतो. १९६७ च्या युद्धात इस्रायलने तो जॉर्डनकडून घेतला. माले अदुमिमसाठी १९७५ मध्ये अबू दिस, अल-अझारिया, अनाता अशा आसपासच्या पॅलेस्टिनी गावांच्या हद्दीतली जमीन मोठ्या प्रमाणावर संपादित झाली. ताब्यातल्या प्रदेशात कब्जेदार सत्तेने आपली वस्ती वसवू नये, असं चौथा जिनिव्हा करार सांगतो, आणि त्याच आधारावर जगातले बहुतेक देश या वसाहतींना बेकायदा मानतात. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ च्या सल्लागार मतात हेच म्हटलं. इस्रायल सरकारला हे मान्य नाही. हा प्रदेश 'ताब्यातला' नसून 'वादातला' आहे, असं त्यांचं म्हणणं.

कंपनी तिथे गेली १९९० च्या दशकाच्या मध्यावर. इमारत पूर्वी दारूगोळ्याच्या कारखान्याची होती. तिथे जाण्यामागे फार मोठी विचारसरणी शोधत बसायचं कारण नाही. जेरुसलेम जवळ, कामगार जवळ, तयार इमारत, आणि त्या भागात उद्योग काढणाऱ्यांना सरकारकडून मिळणाऱ्या सवलती. आपल्याकडे उद्योजक एमआयडीसीचा प्लॉट ज्या हिशेबाने निवडतात, तसलाच हिशेब. फरक इतकाच की आपल्याकडे प्लॉटचा सातबारा कोणत्या देशाचा, हा प्रश्न पडत नाही. तिथे तो पहिल्या दिवसापासून होता, आणि कंपनीने तो व्यापाराच्या बाहेरचा समजून बाजूला ठेवला.

आता तो हॅम्बुर्गचा कागद. पाण्याचे फिल्टर बनवणारी ब्रिटा ही जर्मन कंपनी सोडा-क्लबकडून मशीन, सुटे भाग आणि अर्क मागवत असे. २००२ च्या पहिल्या सहामाहीत तिने साठाहून जास्त कन्साइनमेंट सोडवायला अर्ज केले. प्रत्येक इनव्हॉइसवर पुरवठादाराची ओळ: माल इस्रायलमध्ये उत्पादित. युरोपीय समुदाय आणि इस्रायल यांच्यात सहकार्य करार असल्यामुळे इस्रायलच्या मालाला ड्युटीत सवलत होती, ती ब्रिटाने मागितली. हॅम्बुर्ग बंदराच्या कस्टम्सने तात्पुरती दिली, आणि पडताळणी सुरू केली. कारण हा माल वेस्ट बँकमधल्या वसाहतीतून येत असावा, असा संशय होता.

पडताळणीची पद्धत अशी असते की आयात करणाऱ्या देशाचं कस्टम्स निर्यात करणाऱ्या देशाच्या कस्टम्सला विचारतं. जर्मनीने इस्रायलला विचारलं. उत्तर आलं की हा माल इस्रायली कस्टम्सच्या अखत्यारीतल्या भागात तयार झालाय, सबब तो सवलतीला पात्र आहे. आमच्या धंद्यात असं उत्तर वाचलं की पाणी कुठे मुरतंय ते लगेच कळतं. विचारलं होतं 'माल कुठे बनला', सांगितलं 'कोणाच्या अखत्यारीत बनला'. जर्मनांनी फेब्रुवारी २००३ मध्ये पुन्हा पत्र लिहून सरळ विचारलं: वेस्ट बँक, गाझा, पूर्व जेरुसलेम किंवा गोलान इथल्या वसाहतींत हा माल बनला का? त्या पत्राला उत्तरच आलं नाही. मग त्याच वर्षी कस्टम्सने सवलत काढून घेतली आणि ब्रिटाकडे फरकाची रक्कम मागितली. रक्कम होती १९ हजार युरोंच्या आसपास.

एवढ्याशा रकमेचं प्रकरण हॅम्बुर्गच्या वित्त न्यायालयातून लक्झेम्बर्गला युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि २५ फेब्रुवारी २०१० रोजी निकाल लागला. निकालाचा गाभा मला फार महत्त्वाचा वाटतो. न्यायालयाने वसाहतींच्या राजकारणावर भाष्य केलं नाही. त्याने दोन करार समोर ठेवले: एक इस्रायलशी केलेला, दुसरा १९९७ मध्ये वेस्ट बँक आणि गाझासाठी पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेशी केलेला. दोघांचे प्रदेश वेगळे. दोन पक्षांनी केलेला करार तिसऱ्याच्या संमतीशिवाय त्याच्यावर लादता येत नाही, हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा जुना नियम. म्हणजे वेस्ट बँकमधल्या मालाचा दाखला देण्याचा अधिकार इस्रायली कस्टम्सचा नाही. आणि "या करारात नाही तर त्या करारात बसतो, सवलत तर दोन्हीकडे आहे, मग द्या" असंही कस्टम्सला करता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. शिवाय मूळ प्रश्नाचं नेमकं उत्तर न देणारा इस्रायली कस्टम्सचा खुलासा जर्मनीवर बंधनकारक नाही, हेही सांगितलं.

मधल्या काळात, २००५ पासून, युरोप आणि इस्रायल यांच्यात एक तांत्रिक व्यवस्था लागू झाली होती. मूळ देशाच्या प्रत्येक दाखल्यावर कारखान्याच्या गावाचं नाव आणि पिनकोड लिहायचा. पिनकोड वसाहतीचा असेल तर सवलत नाही. किती साधी गोष्ट, पण हिच्यामुळे मालाच्या जन्मगावाला लपायला जागा राहिली नाही. प्रचार-मोहिमा, फलक, घोषणा यांच्या कितीतरी आधी हा पाच अंकी पिनकोड काम करत होता.

हे इतकं सविस्तर सांगितलं, कारण 'एका नटीमुळे कंपनी अडचणीत आली' असं जे म्हटलं जातं, ते मला पटत नाही. कंपनीला आपल्या जागेचा धोका नीट माहीत होता. नोव्हेंबर २०१० मध्ये ती अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात उतरली, तेव्हा भागधारकांसाठीच्या कागदपत्रांत मुख्य कारखाना वेस्ट बँकमध्ये असल्याचं आणि त्यातून राजकीय जोखीम असल्याचं तिने स्वतः नोंदवलं होतं. नवा मोठा कारखाना नेगेवच्या वाळवंटी भागात, म्हणजे निर्विवाद इस्रायली हद्दीत, बांधायचं कामही वादळ उठायच्या आधीच चालू होतं. २००७ पासून कंपनीचे प्रमुख असलेले डॅनियल बर्नबाउम यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की मिशोर अदुमिमचा निर्णय त्यांच्या आधीचा आहे, आणि आपण आज ती जागा निवडली नसती.

मग २०१४ उजाडलं. जानेवारीत अभिनेत्री स्कार्लेट जोहान्सन कंपनीची ब्रँड दूत, म्हणजे जाहिरातींचा चेहरा, झाली. २ फेब्रुवारीच्या अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल सामन्यात तिची जाहिरात दाखवायची होती. त्याच वेळी ती ऑक्सफॅम या मदत संस्थेचीही बरीच वर्षं सदिच्छा दूत होती, आणि ऑक्सफॅमची भूमिका वसाहतींतल्या कोणत्याही व्यापाराविरुद्ध होती. दोन्ही पदं एकत्र राहणं शक्य नव्हतं. तिने ऑक्सफॅम सोडलं, सोडास्ट्रीम नाही. पॅलेस्टिनी नागरी संघटनांच्या हाकेवर २००५ पासून चालू असलेल्या बहिष्कार चळवळीला यातून जगभर ऐकू जाईल असा आवाज मिळाला. इंग्लंडमधल्या ब्रायटनला कंपनीचं एक दुकान होतं. त्याच्यासमोर दर आठवड्याला निदर्शनं होत, आणि सुमारे दोन वर्षांनी, २०१४ च्या उन्हाळ्यात ते बंद झालं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते, चांगल्या पगाराच्या. तो टाळण्यासारखा नाही.

कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार त्या सुमारास कारखान्यात साधारण १,३०० लोक होते. त्यात वेस्ट बँकमधले पॅलेस्टिनी सुमारे ५००, पूर्व जेरुसलेम आणि इस्रायलमधले अरब सुमारे ४५०, आणि ज्यू सुमारे ३५०. एकाच लाइनवर सगळे, एकाच कॅन्टीनमध्ये जेवण. वेस्ट बँकमध्ये त्या काळी, आणि आजही, नोकऱ्यांची चणचण आहे. आसपासच्या पॅलेस्टिनी भागात मिळणाऱ्या मजुरीच्या कित्येक पट पगार तिथे मिळे. पत्रकारांनी विचारल्यावर अनेक कामगारांनी उघडपणे कंपनीची बाजू घेतली. ती त्यांनी मनापासून घेतली असणार, यात मला शंका नाही. घरात खाणारी तोंडं असताना महिन्याचा पगार ही गोष्ट किती मोठी, हे कोणाला सांगायला नको.

पण त्या पगाराच्या मागे एक कायदेशीर गोष्ट आहे, ती फार कमी लोक सांगतात. वसाहतींतल्या पॅलेस्टिनी कामगारांना कोणता कायदा लागू, यावर इस्रायलमध्ये बरीच वर्षं वाद चालला. अनेक मालक म्हणत, इथे जुना जॉर्डनचा कायदा लागू होतो, म्हणजे किमान वेतन, रजा, नुकसानभरपाई सगळंच कमी. कामगार हक्कांसाठी झगडणाऱ्या काव लाओवेद या इस्रायली संस्थेने हा लढा सर्वोच्च न्यायालयात नेला आणि ऑक्टोबर २००७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की इस्रायली कामगार कायदाच लागू होईल. थोडक्यात, इस्रायली पातळीचा पगार हा कंपनीने केलेला उपकार नव्हता. तो न्यायालयाने मान्य केलेला हक्क होता, आणि त्यासाठी कामगार आणि त्यांचे वकील झगडले होते.

आणि संबंध नेहमी गोडीचे होते असंही नाही. जुलै २०१४ मध्ये, रमजानच्या महिन्यात, रात्रपाळीच्या पॅलेस्टिनी कामगारांनी तक्रार केली की रोजा सोडायच्या वेळी मिळणारं जेवण पुरत नाही. बाहेरचं अन्न कारखान्यात आणायला बंदी होती, कारण स्वयंपाकघर ज्यू धर्माच्या आहारनियमांनुसार चाले. दिवसभर अन्नपाणी न घेता मशीनवर उभं राहायचं आणि मग ताटात पुरेसं नाही, ही तक्रार कोणत्याही कारखान्याच्या पर्सोनेल मॅनेजरने अर्ध्या तासात मिटवायला हवी होती. तिथे त्यातून काम थांबलं आणि साठएक जणांना काढून टाकलं. कंपनीने बेकायदा संपाचं कारण दिलं. ज्या कारखान्याला जगासमोर सहजीवनाचा नमुना म्हणून ठेवलं जात होतं, तिथे साध्या तक्रारीला एवढी कमी जागा असावी, याचं मला वाईट वाटतं. परमिटवर काम करणाऱ्या माणसाची नोकरी गेली की परमिटही धोक्यात येतं. म्हणून तो सहसा तोंड उघडत नाही. त्याने उघडलं, यावरून काय ते समजावं.

माझं मत सांगायचं तर, पगार आणि जमीन हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही. जमीन ज्यांच्या गावची, त्यांना ना भाडं, ना कर, ना नियोजनात मत. तो कर इस्रायली वसाहतीच्या नगरपालिकेकडे जातो आणि वसाहत बळकट होते. कारखाना कितीही भला असला तरी हे बदलत नाही. आपल्याकडे धरणासाठी, प्रकल्पासाठी जमीन गेलेल्या लोकांना 'पण तुमच्या पोराला वॉचमनची नोकरी दिली ना' असं सांगितलं जातं, तेव्हा आपल्याला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. तिथे तर जमीन घेणारं सरकारही त्यांचं नव्हतं, त्याला मत देण्याचा अधिकारही त्यांना नव्हता. त्यामुळे विरोध करणाऱ्यांचा मूळ मुद्दा मला रास्त वाटतो.

पुढे जे झालं, ते मात्र कोणाच्याच बाजूने सरळ मांडता येत नाही.

ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस कंपनीने जाहीर केलं की मिशोर अदुमिम बंद करून सगळं उत्पादन नेगेवमध्ये, लेहावीमजवळच्या इदान हानेगेव औद्योगिक वसाहतीत नेणार. बहिष्कारवाल्यांनी विजय म्हटलं. कंपनीने म्हटलं, हा खर्च कमी करण्याचा व्यापारी निर्णय आहे, बहिष्काराचा वाटा नगण्य. मला वाटतं दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्या तिमाहीत विक्री आदल्या वर्षापेक्षा घसरली होती, अमेरिकेत लोक गोड सोड्यापासून दूर जात होते, आणि सरकारी अनुदानाचा नवा मोठा कारखाना तयार होत होता. दोन ठिकाणी उत्पादन चालवण्यात अर्थ नव्हता. पण दोनपैकी कोणतं बंद करायचं हे ठरवताना लक्झेम्बर्गचा निकाल, पिनकोड आणि ब्रायटनची निदर्शनं यांचं वजन पारड्यात पडलं नसेल, हे मी मानणार नाही.

हा कारखाना २०१५ मध्ये बंद झाला. आता त्या पाचशे पॅलेस्टिनी कामगारांचं पाहा. मिशोर अदुमिम वेस्ट बँकमध्येच असल्यामुळे तिथे कामाला जायला त्यांना इस्रायलच्या हद्दीत शिरावं लागत नव्हतं. नवा कारखाना मात्र इस्रायलमध्ये. तिथे रोज जायला प्रवेश परमिट लागतं, आणि ते वय, लग्न, सुरक्षा खात्याची मंजुरी अशा अटींवर मिळतं. शिवाय नाक्यावरची रांग धरून जाता-येता कित्येक तास. कंपनीने परमिट मागितली. मिळाली फक्त ७४ जणांना, तीही मुदतीची. फेब्रुवारी २०१६ च्या शेवटी तीही संपली आणि सरकारने वाढवून दिली नाहीत. नेगेवमध्येच बेकारी आहे, त्या नोकऱ्या इस्रायली नागरिकांना मिळाव्यात, असा सरकारचा युक्तिवाद होता. बर्नबाउम यांनी सरकारवर उघड टीका केली, सरकारने त्यांना उत्तर दिलं, आणि या भांडणात ७४ माणसं घरी बसली. बाकीची चारशेहून जास्त आधीच बसली होती.

नोकऱ्या गेल्याचा दोष कोणाचा? बहिष्काराच्या विरोधकांनी तो सगळा चळवळीच्या माथी मारला. चळवळीने कंपनीकडे आणि ताब्याकडे बोट दाखवलं. माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा दोष परमिट नाकारणाऱ्या सरकारचा, कारण एका सहीने ती माणसं कामावर राहू शकत होती. पण कंपनीही सुटत नाही. निकाल २०१० चा, नवा कारखाना आधीपासून ठरलेला, बंद झालं २०१५ मध्ये. मधल्या एवढ्या वर्षांत वेस्ट बँकच्या पॅलेस्टिनी प्रशासनाखालच्या भागात एखादं जुळणीचं युनिट, तिथल्या उद्योजकाशी भागीदारी, निदान काढताना भरघोस रक्कम आणि दुसऱ्या कामाचं प्रशिक्षण, हे करायला वाव होता. तसं झालं असतं तर "आम्हाला कामगारांची काळजी आहे" हे म्हणणं कागदावर उतरलं असतं. आणि चळवळीबद्दलही एक गोष्ट म्हणते, कारण तिचा मुद्दा मला पटतो: कारखाना हटवायची मागणी करताना 'कामगारांचं पुढे काय' हे वाक्य त्याच फलकावर असायला हवं होतं. सुक्याबरोबर ओलंही जळणार हे आधीपासून दिसत होतं.

नव्या जागेत दुसऱ्या लोकांचं भलं झालं, हेही सांगायला हवं. इदान हानेगेव ही औद्योगिक वसाहत राहात, लेहावीम आणि बने शिमोन यांची सामाईक आहे. राहात हे नेगेवमधलं बेदुइन अरबांचं सर्वांत मोठं शहर, इस्रायलमधल्या सर्वांत गरीब शहरांपैकी एक. तिथल्या बेदुइन स्त्रिया मोठ्या संख्येने या कारखान्यात कामाला लागल्या, त्यांतल्या कित्येकींची ती घराबाहेरची पहिली नोकरी. बहिष्कार चळवळ इथेही थांबली नाही. बेदुइनांना त्यांच्या गावांतून हलवून नेमून दिलेल्या शहरांत कोंबलं गेलं, असं म्हणत तिने विरोध चालू ठेवला. त्या धोरणाचा अन्याय खरा आहे. पण मिशोर अदुमिम आणि राहात यांना एकाच मापाने मोजणं मला जमत नाही. राहातचे लोक इस्रायलचे नागरिक आहेत, त्यांना मत आहे, त्या औद्योगिक वसाहतीच्या कारभारात त्यांच्या नगरपालिकेचा वाटा आहे. (जाता जाता: राहातपासून जवळच बिअरशेबा आणि पुढे दिमोना. कोकणातून गेलेले आपले बेने इस्रायली या भागात बरेच आहेत, आणि जुन्या पिढीच्या घरांत अजून मराठी बोललं जातं. त्यामुळे नेगेवची बेकारी हा आपल्याला वाटतो तितका परका विषय नाही.)

पुढची गोष्ट लवकर सांगते. कंपनीने गोड सोडा सोडून साध्या फसफसत्या पाण्यावर भर दिला, विक्री सावरली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पेप्सिकोने तिला ३२० कोटी डॉलरला, दर शेअर १४४ डॉलर देऊन, विकत घ्यायचं जाहीर केलं. वसाहतीतला पत्ता तसाच राहिला असता तर पेप्सिकोसारखी जगभर विकणारी कंपनी या सौद्याला इतक्या सहज तयार झाली असती का? मला नाही वाटत. युरोपचा कायदाही पुढे आणखी घट्ट झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने खाद्यपदार्थांवर 'इस्रायली वसाहतीतलं उत्पादन' असं स्पष्ट लिहिणं बंधनकारक ठरवलं.

आता तुमचा व्यवहार.

पुरवठादाराला 'तुमचा माल कोणत्या देशाचा' असं विचारू नका. कारखान्याचा पूर्ण पत्ता, पिनकोड आणि त्या जागेचा उद्योग परवाना कोणत्या प्रशासनाने दिला, हे विचारा. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय एका शहरात आणि कारखाना दुसरीकडे, हे नेहमीचं आहे, आणि इनव्हॉइसवर बहुधा कार्यालयाचाच पत्ता छापलेला असतो. उत्तर इस्रायली कस्टम्ससारखं गोलमोल आलं, 'आमच्या अखत्यारीत', 'आमच्या समूहाच्या युनिटमध्ये' असं काही, तर तिथेच थांबा आणि पुन्हा लेखी विचारा. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा.

मुक्त व्यापार कराराखाली ड्युटीची सवलत घ्यायची असेल तर आपल्याकडचा कायदाही आता कडक आहे. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेले कॅरोटार नियम (सवलतीत येणाऱ्या मालाचं मूळ तपासण्याचे नियम) आणि कस्टम्स कायद्याचं कलम २८डीए यांमुळे नुसता सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे मूळ देशाचा दाखला, दाखवून भागत नाही. माल त्या देशाचा कसा ठरतो, कोणते भाग कुठून आले, मूल्यवर्धन किती, ही माहिती आयातदाराकडेच असावी लागते, फॉर्म १ मध्ये भरता यावी लागते आणि पाच वर्षं जपून ठेवावी लागते. 'पुरवठादाराने लिहून दिलं होतं' हा बचाव ब्रिटाला २०१० मध्ये उपयोगी पडला नाही, तुम्हालाही न्हावा शेव्याला पडणार नाही.

करारात दोन कलमं घालून घ्या. उत्पादनाची जागा नावानिशी लिहिलेली असावी आणि ती बदलण्याआधी काही महिन्यांची लेखी सूचना मिळावी. आणि जागेच्या कायदेशीर स्थितीमुळे सवलत गेली, माल अडकला किंवा लेबल बदलावं लागलं, तर तो खर्च पुरवठादाराचा. पुरवठादार बिचकला तर त्यालाही त्या जागेची शंका आहे, असं समजायला हरकत नाही. कामगारांबद्दल विचारायलाही लाजू नका: कोणत्या कायद्याखाली वेतन, कामगार परमिटवर आहेत का, कारखाना हलला तर त्यांचं काय. मोठे खरेदीदार हे विचारायला लागले की पुरवठादार त्याची तयारी ठेवतात. लहान खरेदीदारांनीही विचारायला हवं.

तुम्हाला हा पुरवठादार घ्यावा की नाही, हे त्या पत्त्यावर अवलंबून आहे. कारखाना खरोखर ताब्यातल्या जमिनीवर असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे, घेऊ नका. असलं मशीन दुसरीकडेही बनतं.

आणि पुरवठादार कोणताही घेतलात तरी सिलिंडरचं आधी बघा. या मशीनच्या नेहमीच्या सिलिंडरची पाण्याची क्षमता साधारण ०.६ लिटर असते, आणि २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत ५०० मिलिलिटरच्या वरचं धातूचं भांडं सिलिंडर म्हणून धरलं जातं. म्हणजे बाहेरून आणायला नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणारी केंद्रीय संस्था) मान्यता लागेल. मशीनचा कंटेनर बंदरात आणि सिलिंडरची मान्यता बाकी, अशी वेळ आली की डेमरेज, म्हणजे माल बंदरात अडकून पडल्याचा आकार, रोज चढतं. तेव्हा पुरवठादाराला आगाऊ रक्कम पाठवण्याआधी सिलिंडरचा निर्माता आणि त्याचे चाचणी-दाखले मागवून घ्या.